किरकोळ

वहीत 'किरकोळ' नावाचा रकाना मीच आखला,
पहिल्या वर्षी, खजिनदार म्हणून,
लाल पेनानं, पट्टी धरून.
वाटलं होतं, जिन्यातला बल्ब, गेटची कडी,
फार तर टाकीचा फ्लोट.

मग दोनशे तीनच्या न्हाणीत छताला ओल आली.

आधी वाटीएवढी. पंचमीला परातीएवढी.
अख्खी बिल्डिंग मान वर करून बघून गेली,
शिवाय होनगेकरांचे वडगावचे पाहुणे.
कुणीतरी म्हणालं, नकाशाच की हा.
कसला, ते कुणी विचारलं नाही.
बेळगावात असलं विचारत नाहीत.

होनगेकर म्हणाले, छत माझं आहे, पाणी त्यांचं.
वरचे हिरेमठ म्हणाले, फरशी माझी कोरडी आहे,
येऊन हात लावून बघा.
मी लावला. कोरडी होती.
दोघंही खरं बोलत होते
आणि मधल्या सहा इंच स्लॅबचा उतारा
कुणाच्याच नावावर निघेना.

पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली. नऊ खुर्च्या,
त्यातल्या दोन मोडक्या, त्यांचा विषय यादीत सातवा.
नोटीस मी मराठीत लिहिली होती,
खाली कन्नडात हिरेमठांच्या शिवलीलानं,
अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.
पाऊण तास गेला,
वरची ओळ कुणाची आणि खालची का, यात.

मिस्त्रीचा अंदाज अठराशे पन्नास.
चहाचेच दोनशे दहा झाले.
तळमजल्याच्या मकानदार भाभी म्हणाल्या,
आमच्या डोक्यावर तर तुम्ही सगळेच,
आम्ही कुणाकुणाचं भरायचं?
चौथ्या मजल्यावरचे उपाध्ये म्हणाले,
आमच्यावर आभाळ आहे नुसतं, त्याची वर्गणी नको.
तेवढ्यात गच्चीच्या डांबराचा विषय निघाला
आणि उपाध्ये फोन आल्यासारखे उठले.

असा दीड महिना.
होनगेकर वहिनी डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन आंघोळ करायच्या,
खोटं नाही सांगत.
जिन्यात दोन्ही घरं एकमेकांना वाट द्यायची,
पण चपला वाजवत.

मग एका रविवारी, सकाळी,
हिरेमठांच्या गौरम्मा खाली आल्या.
हातात शेंगाचटणीची वाटी, वर झाकण.
बघायला आल्ये, म्हणाल्या, किती आहे ते.
बादलीत टप्. मग बराच वेळ काही नाही. मग टप्.
गौरम्मांनी छताकडे बघितलंच नाही.
कान दिला.
वर त्यांचाच नळ चालू होता,
त्यांच्याच यजमानांचं खाकरणं,
आणि मग एक पद,
कुठल्याशा जुन्या नाटक कंपनीचं,
तान घेताना मध्येच तांब्या आपटत.

अय्यो, म्हणाल्या, नन्न मुंद हाडूदिल्ल.
माझ्यापुढं कधीच नाही हो म्हटलं.
वहिनी म्हणाल्या, रोज म्हणतात की.
साडेसहाला. आमचे हे त्यावर उठतात.

काय बोलणं झालं पुढं, मला ठाऊक नाही.
वाटी परत गेली तेव्हा तिच्यात कुंदा होता, एवढं पाहिलं.

मंगळवारी गुडुसाब मिस्त्री आला.
छिन्नी टेकवून म्हणाला, ताई, फोडतो,
फक्त बिलावर नाव कुणाचं ते सांगा.
मी म्हटलं, मोकळं ठेव.
हिरेमठांनी हजार दिले. होनगेकरांनी पाचशे.
उरलेल्या साडेतीनशेला दोघंही म्हणतात,
पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे.
नवी फरशी एक, जुन्यांपेक्षा पिवळसर.
तिच्यावरही थोडं झालं.

काल वहिनी जिन्यात भेटल्या.
ओल सुकली, म्हणाल्या. रंग मारायचा आहे.
मग दोन पायऱ्या उतरून थांबल्या,
म्हणाल्या, नवीन पाइप बसल्यापासून
सकाळचं काही ऐकूच येत नाही हो.
तक्रारीच्या सुरात. खजिनदाराला सांगावं तसं.

वर येऊन मी वही उघडली.
पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
साडेतीनशे अजून येणं आहे.